सूटरांच्या गावात फाटका बूट

एडिंबरोहून ट्वीडबँकपर्यंत रेल्वे, पुढे बस. सेलकर्कला उतरून चढावर चार पावलं टाकली नाहीत तोच उजव्या बुटाचा तळ सुटला. पाऊस होताच. समोरच्या बेकरीत शिरलो. काउंटरमागच्या आजी बुटाकडे बघून हसल्या, "आणि तेही सूटरांच्या गावात!"

मला ऐकू आलं, सुतार.

सूटर म्हणजे स्कॉट्स भाषेत चांभार. एकेकाळी हे गाव जोड्यांवरच जगायचं. १७४५च्या बंडात ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स स्टुअर्टच्या फौजेने इथून दोन हजार जोड मागवले म्हणतात. आज तो धंदा उरला नाही, पण सेलकर्कचा माणूस बँकेत असो की शाळेत, स्वतःला सूटरच म्हणवतो. आपल्याकडे त्याच धंद्याचं नाव लोक शिवीसारखं वापरतात, ते आठवून जरा ओशाळलो.

शब्द मूळचा लॅटिन, 'सूटॉर', म्हणजे शिवणारा. आपलं 'शिवणे' त्याच कुळातलं. 'सूत्र'ही तिथलंच, आणि सूत्रधाराचाच पुढे सुतार झाला. म्हणजे माझे कान अगदीच चुकले नव्हते! सूटर हे आडनाव स्कॉटलंडभर आहे. जर्मनमध्ये चांभाराला म्हणतात त्या 'शूस्टर'च्या शेपटीतही हाच शिवणारा बसलाय.

चौकापासून थोडं पुढे फ्लेचरचा पुतळा आहे. १५१३मध्ये फ्लॉडनच्या लढाईला इथून ऐंशी जण गेले आणि इंग्रजांचं निशाण घेऊन तो एकटाच परतला, अशी आख्यायिका. पुतळा १९१३चा. चिलखतातला दमलेला माणूस, हातात निशाण. दर जूनमध्ये घोडेस्वार शिवेची फेरी करून आले की चौकात निशाणं फिरवतात आणि 'अप वी द सूटर्स ओ सेलकर्क' ही धून वाजते. सूटरांचा जयजयकार, आणि अर्ल ऑफ होम या सरदाराचा धिक्कार!

मला सगळ्यात आवडली ती नागरिकत्वाची रीत. गावाने कुणाला मानाचं नागरिकत्व दिलं, की त्याने डुकराच्या राठ केसांची जुडी वाइनमध्ये बुडवून ओठांतून ओढायची. चांभार सुईऐवजी हेच केस दोऱ्याच्या टोकाला बांधत आणि काम करताना दातांत धरत. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट इथला शेरीफ, म्हणजे न्यायाधीश होता. चौकातल्या उंच चौथऱ्यावर तोच उभा आहे.

आजींनी मनुकांनी गच्च भरलेल्या सेलकर्क बॅनक या गोड पावाचा लोणी फासलेला तुकडा दिला, आणि पार्सलवर लावायची चिकटपट्टीही. बूट शिवून देणारा मला काही सापडला नाही. ती पट्टी थेट ट्वीडबँकच्या फलाटापर्यंत टिकली.