जांभळे पिल्लू

सातपुड्याच्या पायथ्याशी, अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात भरणारी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि जानेवारी संपत येईपर्यंत चालते. मोठी माणसे तेथे देवदर्शनाला जातात असे सांगतात. हंडीतले मटण आणि रोडगे ही नंतरची गोष्ट, असेही सांगतात. मी पाचवीत असताना त्या यात्रेतून कोंबडीची पाच पिल्ले आणली. दोन गुलाबी, दोन हिरवी आणि एक जांभळे.

खरे तर आमच्या घरी खुराडे होतेच. गावरान कोंबड्या वर्षातून दोन-तीनदा पिल्ले काढीत आणि ती अंगणभर चिवचिवत हिंडत. त्यांचे मला कधी कौतुक वाटले नाही. कोंबडी जांभळीही असते हे मात्र त्या दिवशी प्रथमच कळले. सायकलीला जाळीचे खोके बांधून उभ्या असलेल्या विक्रेत्याने "ही जातच तशी आहे" असे गंभीरपणे सांगितले, आणि रुपयाला एक या भावात जात मिळत असल्याने मी अधिक चौकशी केली नाही. घरी पोचल्यावर आजीने खोक्यात डोकावून पाहिले. "काहून आणले बाप्पा हे? बिनामायचे पिल्लं, रातभर जगतीन का?" एवढेच ती म्हणाली.

तिचे बरोबर होते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, आणि ती आईच्या पंखाखाली मिळाली नाही तर दिव्याने किंवा शेगडीने द्यावी लागते. मे महिन्यात आमच्या सपरीत ती फुकट मिळाली असती. पौषातल्या रात्री, जेव्हा वऱ्हाडात माणसे अंगणात पऱ्हाट्यांची शेकोटी करून बसतात, तेव्हा ती कोठून येणार? मी खोके उशाशी घेऊन, त्यावर माझी टोपी पांघरून झोपलो. सकाळी तिघे गार झाले होते. चौथे दुपारी गेले. उरलेल्या जांभळ्याला आजीने त्या रात्री अंधार पडल्यावर एका खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हळूच सरकवले. अंधारात सरकवले की कोंबडी बहुधा आपले-परके पाहत नाही, ही तिची जुनी युक्ती. सकाळी ती तपकिरी कोंबडी आपल्या जांभळ्या लेकराला घेऊन उकिरड्यावर उकरत होती.

ती पिल्ले कोणत्या जातीची होती, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या पांढऱ्या कोंबड्यांच्या जातीत नर अंडी देत नाहीत आणि अंगानेही भरत नाहीत, त्यामुळे उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसतो. एका दिवसाच्या पिल्लांतून माद्या निवडल्या की उरलेले नर कवडीमोलाने विकले जातात. अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते, म्हणून दोन-तीन दिवस दाणापाणी नसले तरी ते तग धरते. यात्रेच्या गर्दीत ती इतकी टवटवीत दिसली, ती त्या बलकाच्या जोरावर. रंग तर नुसता वरच्या लवेला होता.

आणि लव झडतेच. तीन आठवड्यांत पंखांच्या कडेने पांढरी पिसे फुटू लागली. फेब्रुवारीत तर ते चुना दिलेल्या भिंतीवर जुन्या रंगाचे पोपडे उरावेत तसे दिसू लागले. मानेवरचा शेवटचा जांभळा ठिपका मी रोज शाळेतून आल्यावर तपासत असे. तो गेला त्या दिवशी मी जेवलो नाही. सांगायला संकोच वाटतो, पण मेलेल्या चौघांसाठी मी एक दिवस रडलो होतो आणि जगलेल्या या एकावर महिनाभर रुसलो. गावभर त्याला "जांभळा कोंबडा" म्हणून मिरवून झाले होते, आता मित्र कुंपणावरून डोकावून "कुठी हाय बे तुया जांभळा?" असे विचारीत, आणि तो पांढरा, लांब तंगड्यांचा, किडकिडीत प्राणी नेमका तेव्हाच माझ्या पायाशी येऊन उभा राही.

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही पोरांनी नेहमीप्रमाणे पळसाची फुले आणून मोठ्या गंजात उकळली. दुसऱ्या दिवशी अंगावर उडवायचा तो केशरी रंग गार होईपर्यंत मी त्याच्याकडे पाहत बसलो, आणि मग कोणी नाही असे बघून कोंबड्याला धरून मानेपर्यंत त्यात बुडवले. जांभळे नाही तर नाही, केशरी तरी होईल. तो असा काही फडफडला की अर्धा गंज माझ्या अंगावर सांडला, आणि पाय चुलीच्या राखेत भरवीत तो थेट त्या तपकिरी कोंबडीकडे पळाला, जिच्यापेक्षा तो आता उंच झाला होता. आजी बाहेर आली. काही न बोलता तिने त्याला पकडून लुगड्याच्या पदराने पुसले आणि उन्हात धरून बसली. संध्याकाळपर्यंत वाळून तो पूर्वीसारखाच पांढरा झाला, शेपटीकडे जरासा पिवळट. माझा शाळेचा सदरा मात्र गुढीपाडव्यापर्यंत केशरी होता.