गिरण्यांच्या जागी टॉवर झाले, त्यात बिघडलं कुठे?

नगररचनेत काम करते असं सांगितलं की हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, लोकलमध्ये चौथ्या सीटवरून येतो. विचारणाऱ्याला वाटत असतं, आता बाईंना बरोबर कोंडीत पकडलं. ‘स्टेशनजवळ उंच बांधा, दाट बांधा, घरं-ऑफिसं-दुकानं एकत्र असू द्या, असं तुम्हीच लोक सांगता. लोअर परळला तेच तर झालं. मग कुरकुर कसली?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. उंचीबद्दल माझी तक्रार नाही. स्टेशनलगतच्या जागेवर चार मजली टुमदार इमारती बांधून जागा वाया घालवायची, हे मला मुळीच पटत नाही. माझा राग भिंतीवर आहे. गिरण्या गेल्या, धुराडी पाडली, पण गिरणीची कंपाउंड वॉल तिथल्या तिथे राहिली. काही ठिकाणी तर दगडसुद्धा तेच आहेत.

जागा कसली होती बघा. सुमारे ५८ कापड गिरण्या आणि त्यांची मिळून ६०० एकरांच्या आसपास जमीन, तीही मुंबई बेटाच्या मधोमध. पश्चिम आणि मध्य रेल्वे इथून जवळजवळ हातात हात घालून जातात. लोअर परळला उतरून करी रोडला चालत जाता येतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर यातल्या बऱ्याच गिरण्या धड चालल्याच नाहीत. दोन रेल्वेमार्गांच्या कुशीत एवढी जमीन एकाच काळात मोकळी होण्याचा योग शहराच्या आयुष्यात पुन्हा येत नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. कागदावर सुरेख. पण वाटणी लागू व्हायची ती गिरणी पाडली तर. मग पाडतंय कोण? मालकांनी जुन्या शेडांतच ऑफिसं आणि करमणुकीचे अड्डे थाटले. २००१ मध्ये सरकारने नियम बदलला. त्यानंतर वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालची त्यातून वगळली. गिरणी म्हणजे जवळपास सगळी शेडच, तेव्हा पालिकेच्या आणि म्हाडाच्या पदरात काय पडलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. उच्च न्यायालयाने हा बदल अडवला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

या वाटणीवर भरपूर लिहिलं-बोललं गेलंय आणि ते योग्यच आहे. माझ्या मते त्याहून मोठं नुकसान मात्र नकाशावर झालं. प्रत्येक गिरणीचा विकास तिच्यापुरता झाला. शेजारच्या दोन गिरण्यांमधून एक गल्ली काढू, स्टेशनपर्यंत सरळ वाट नेऊ, हे कुणाचंच काम नव्हतं. एनटीसीच्या, म्हणजे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाच्या, गिरण्यांचा एकत्रित विचार करायला १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला होता. त्याचं काय झालं ते लोअर परळ स्टेशनलगतच्या सेनापती बापट मार्गावर उभं राहिलं की कळतं.

सकाळी साडेनऊला तिथे एकदा चालून बघा. गाडीतून लोंढा उतरतो, पुलावरून रांगत खाली येतो आणि रस्त्यावर सांडतो. फुटपाथ दोन माणसांचा, त्यात विजेचा डीपी आणि झाडाचा पार. लोक शेअर टॅक्सी आणि हातगाडीच्या मधून एकामागे एक चालतात. शेजारी चकचकीत इमारत, पण तिचं दार कुठे आहे? स्टेशनकडच्या बाजूला पोडियमची, म्हणजे टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या मजल्यांची, कोरी भिंत, तिच्यात एक्झॉस्टच्या जाळ्या, त्यातून अंगावर येणारी गरम हवा. पोडियमच्या सात-आठ मजल्यांवर फक्त गाड्या. गेट पलीकडच्या रस्त्याला, कारण ते गाडीने येणाऱ्यासाठी काढलेलं. दोनशे मीटरवरच्या ऑफिसला पोचायला वळसा घालून पाऊण किलोमीटर चालावं लागतं. आणि कहर म्हणजे २००८ पासून, सार्वजनिक वाहनतळ बांधून दिलात तर वर जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, अशी योजना आली, तिचा लाभ याच परिसरात घेतला गेला. दोन रेल्वेंच्या मधे गाड्या उभ्या करायला बक्षीस!

मी चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांतली नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं, मजल्यावरच्या संडासासाठी डबा घेऊन रांग लावायची, हे आयुष्य कुणाला परत हवंय? पण गिरणगावची ठेवण बघा. चाळीखाली दुकान, शेजारी खानावळ, पुढे व्यायामशाळा, प्रत्येकाचं दार रस्त्यावर, आणि भोंगा झाला की माणूस चालत कामाला. स्टेशनावर भार नव्हता, कारण काम आणि घर एकाच वस्तीत होतं. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली तेव्हा तिथे काम करणारे विरार आणि डोंबिवलीहून येऊ लागले. त्यांच्यासाठी पूल रुंद करण्याची तजवीज कुणाच्या प्रकल्पखर्चात नव्हती.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्या वेळी पाऊस होता, जिना अरुंद होता, इतर कारणंही पुढे आली. पण त्या आधी कित्येक वर्षं परिसरात लाखो चौरस फूट ऑफिसं उभी राहत होती आणि त्या जिन्याची रुंदी मात्र तेवढीच होती. नंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधून घेतला, तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. काही महिन्यांत होणारं काम होतं तर.

आणि गिरणी कामगार? २०१२ पासून म्हाडाच्या सोडतीत काहींना घरं लागली, उरलेले अजून वाट बघतायत. वारसांना आता शेलू आणि वांगणीची घरं दाखवली जातात, म्हणजे बदलापूरच्याही पुढे. आजोबा चालत कामाला जायचे, नातवाने दादरपर्यंत दीड तास दांडीला लटकून यायचं. त्यांनी नकार दिला तर मला नवल वाटत नाही.

मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, वरळी आणि सायन्स सेंटरला स्टेशनं झाली, चांगलंच आहे. पण भुयारातून वर आल्यावर गाठ त्याच भिंतीशी पडते. झालेल्या प्रकल्पांत आता फार हात घालता येणार नाही. फार तर पालिकेने हट्ट धरून दोन-चार कंपाउंडांतून सार्वजनिक वाट मिळवावी आणि कोऱ्या पोडियमखाली दुकानं काढायला लावावीत.

खरा डाव पूर्व किनाऱ्यावर शिल्लक आहे. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड या हार्बर रेल्वेच्या स्टेशनांना लागून गोदामांची केवढी तरी जमीन आहे आणि तिथे गिरण्यांसारखे अनेक मालक नाहीत. बहुतेक जमीन मुंबई पोर्ट अथॉरिटीची. तिथे रस्ते, फुटपाथ आणि पुलांच्या जागा आधी पक्क्या करून मग भूखंड पाडणं अजून शक्य आहे.