हजेरीपट आणि प्रार्थना

आज हजेरी घेताना पुन्हा तेच मनात आलं. वर्गात 40 मुलं असली की "प्रभू, सगळ्यांना आशीर्वाद दे" एवढ्यावर प्रार्थना आटोपते, आणि डोळ्यांसमोर येतात ती फक्त हुशार नाहीतर दंगेखोर मुलं. मधली गप्प मुलं राहूनच जातात. म्हणून हजेरीपटाप्रमाणे जावं: रोज 8 नावं, पाच दिवसांत वर्ग पूर्ण. पहिल्या तासाआधी दोन मिनिटं पुरतात. एखाद्या नावापाशी काय मागावं हेच सुचलं नाही, तर त्या मुलाशी आपण कित्येक दिवसांत बोललेलोच नाही असं समजावं आणि मधल्या सुट्टीत आधी त्याच्याकडे जावं.

वह्यांचंही तसंच. गठ्ठ्यातल्या शेवटच्या दहा वह्यांपर्यंत हात थकतो, शेरे तुटक होतात, आणि त्या वह्या बहुतेक वेळा त्याच गप्प मुलांच्या असतात. पुढच्या वेळी गठ्ठा उलटा करावा.

शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (3:1) स्पष्टच म्हटलंय. भर वर्गात मुलावर ओरडलो आणि चूक आपली निघाली, तर माफीही भर वर्गातच मागायची. स्टाफरूममध्ये एकट्याला बोलावून नाही. तीही शाळा सुटायच्या आत.