कार्बोरेटरवाली आणि पंपवाली: स्टुटगार्टजवळची एक रविवार सकाळ

जर्मनीतल्या स्टुटगार्टला मुद्दाम फिरायला कुणी जात नाही. माझा मावसभाऊ शेजारच्या सिंडेलफिंगनला नोकरीला आहे, म्हणून मी गेलो. 1968 पासून हे मुंबईचं भगिनी-शहर आहे; दोघांतलं साम्य विचाराल तर घरभाडं, आणखी काही मला दिसलं नाही. चहूबाजूंनी टेकड्या आणि शहरातच द्राक्षांचे मळे, एवढं मात्र नाशिककर म्हणून आवडलं. ब्लॅक फॉरेस्टला पाऊस होता, केक खाऊन परत आलो. रविवारी सगळी दुकानं बंद असतात हे कुणी आधी सांगत नाही, त्यामुळे शनिवारी रात्री दूध आणायची धावपळ. झालं, सहल संपली. आता मुद्द्याचं: गाडीच्या इंजिनाला पेट्रोल पाजायच्या दोन तऱ्हा, कार्बोरेटर आणि इंजेक्शनचा पंप.

मर्सिडीजच्या संग्रहालयात लिफ्ट आधी थेट वरच्या मजल्यावर नेते आणि मग 1886 पासून उतरत उतरत खाली यायचं. 300 एसएलपाशी ही गर्दी! सगळे पंखासारख्या वर उघडणाऱ्या दारांचे फोटो काढत होते. मला बॉनेटखालचं हवं होतं. 1954 ची ही गाडी, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, बॉनेट बुटकं म्हणून ते एका कुशीवर 50 अंश कललेलं. आत ओढलेल्या हवेत पेट्रोल मिसळणारं कार्बोरेटर नाही. बॉशचा इंजेक्शन पंप, दर सिलिंडरला एक प्लंजर, म्हणजे पेट्रोल ढकलणारा दट्ट्या, आणि पेट्रोल थेट सिलिंडरच्या पोटात. 215 घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर. याच घराण्याचं इंजिन 300 सलूनमध्ये कार्बोरेटरवर 115 घोडे द्यायचं आणि 1952 च्या रेसच्या गाडीत तीन कार्बोरेटरवर साधारण 170. गंमत म्हणजे त्या वर्षी ल मान्सची शर्यत मर्सिडीजने जिंकली ती कार्बोरेटरवाल्या गाडीनेच.

मला या पंपाचं एवढं कौतुक का, तर माझा मामा सातपूरच्या मायकोत होता. म्हणजे आताचं बॉश. आयुष्यभर डिझेलची नोझलं केली. लहानपणी तो प्लंजर आणि तो ज्यात बसतो त्या बॅरलची जोडी हातात द्यायचा आणि म्हणायचा, "बाहेर काढ, हाताच्या उबेत धर आणि आता परत घाल बघू." जात नसे. तळहाताच्या गरमीने फुगलेला तो प्लंजर अडायचा. पेट्रोलचा पंप हा त्याचाच भाऊबंद, पण खोड वेगळी. डिझेल स्वतःच थोडंफार वंगण असतं, पेट्रोल कोरडं. म्हणून या पंपाला इंजिनातलं तेल पाजावं लागतं. शिवाय डिझेल इंजिन बंद करायचं तर इंधनच तोडतात. इथे चावी फिरवली की ठिणगी थांबते, पण इंजिन पूर्ण थांबेपर्यंत पंप पेट्रोल फेकतच राहतो. ते न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली नेतं. म्हणून या गाड्यांचं तेल सारखं बदलावं लागतं.

ही विद्या मुळात विमानांची. डाइमलर-बेंझच्या डीबी 601 या विमानाच्या इंजिनात बॉशचं थेट इंजेक्शन होतं, त्यामुळे 1940 साली जर्मन विमानं नाक खाली करून सरळ सूर मारत. पाठलागावरच्या ब्रिटिश स्पिटफायर विमानाचं कार्बोरेटर त्याच क्षणी उपाशी राहायचं आणि इंजिन गचके खायचं. डबक्यातल्या फ्लोटवर चालणारी वस्तू उलटी केली की दुसरं काय होणार?

रविवारी भाऊ म्हणाला, "दादा, चल, तुला खरं काही दाखवतो." बोब्लिंगनच्या जुन्या विमानतळावर आता जुन्या गाड्यांचा मुक्काम आहे. काचेच्या खोल्यांत लोकांच्या खासगी गाड्या एकावर एक ठेवलेल्या. तिथे भावाच्या ओळखीचे एक सत्तरीपुढचे आजोबा भेटले. कपाळाला आठ्या, हातात ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारलेला खारा पाव. त्यांची 1970 ची पोर्शे 911 ई, पंपवाली. त्यांच्या मित्राची त्याच सालची 911 टी, कार्बोरेटरवाली. आजोबांनी आधी मला मागच्या खिशातल्या किल्ल्या काढायला लावल्या. सीटला ओरखडा नको. पाहुणचार इथे असा सुरू होतो, पण नंतर अर्धा ब्रेत्सेल न विचारता माझ्या हातात आला.

स्टुटगार्टजवळच्या सोलिट्यूडच्या जंगलातून माडेनटालचा वळणावळणांचा रस्ता जातो. 1965 पर्यंत इथे शर्यती व्हायच्या, अकरा किलोमीटरच्या वर फेरा होता. आता सायकलवाले आणि कुत्री फिरवणारे. आधी टीमध्ये बसलो. चढावर चौथ्या गिअरमध्ये, रेस कमी असताना मित्राने पाय दाबला. गाडीने आधी एक श्वास घेतला, घशात खाकरली आणि मग उचलली. वाईट नव्हती हो. सुरेख आवाज, आणि तो खाकरा मला तर लाडिकच वाटला.

मग ई. सकाळचा गारवा होता, तर आजोबांनी हँडब्रेकशेजारची छोटी दांडी वर ओढली, हातानेच थ्रॉटल थोडं उघडं ठेवलं. गाडी चालू होताच पेट्रोलचा असा भपकारा की भावाने काच खाली केली. तोच चढ, तोच गिअर. पाय दाबला, आणि मधे काहीच नव्हतं. श्वास नाही, विचार नाही. बुटाचा तळवा आणि मागची चाकं यांच्यात जणू थेट दोरी. एका वळणात आजोबांनी मुद्दाम पाय अर्धा उचलला, परत दाबला, परत उचलला. गाडी दर वेळी तेवढीच आणि तेव्हाच. आपण ज्याला पिकअप म्हणतो तो हा. माझ्या तोंडून "आई गं" निघालं, त्याचं भाषांतर भावाने केलं नाही.

कागदावर टी 125 घोड्यांची, ई 155 ची. मी उतरल्यावर उत्साहाने म्हणालो, इंजेक्शनने 30 घोडे दिले! आजोबांच्या आठ्या वाढल्या. ईचं कॉम्प्रेशन जास्त, कॅमशाफ्ट वेगळा. ते घोडे पंपाच्या नावावर मांडू नकोस. खरी तुलना बघायची तर 1972 ची 2.4 लिटरची टी बघ. युरोपात कार्बोरेटरवर 130, अमेरिकेत पाठवलेली पंपावर 140. मग मला चेव आला आणि आम्ही बोटांवर मोजत बसलो. बीएमडब्ल्यू 2002 टीआय, दोन कार्बोरेटर, 120. टीडबलआय, कुगेलफिशरचा पंप, 130. 1957 ची कॉर्व्हेट, दोन चार-नळी कार्बोरेटरवर 270, रोचेस्टरच्या इंजेक्शनवर 283. तिथे प्लंजरबिंजर नाही, पेट्रोल अखंड वाहत राहायचं, तरी फरक तेवढाच. जिथे आधीच चांगले कार्बोरेटर होते तिथे इंजेक्शनची कमाई दहा-तेरा घोड्यांची. जाहिरातीत लिहायला आकडा, आणि बॉनेटवर बिल्ला. त्या चढावर मला जे जाणवलं ते कुठल्याच आकड्यात नाही.

ट्रायम्फचं नाव निघताच दोघे म्हातारे हसले. टीआर5 ला 1967 मध्ये लुकासचं इंजेक्शन बसवलं, तर उन्हाळ्यात डिकीतला विजेचा पंप तापायचा आणि इंग्रज मालक त्यावर गोठवलेल्या मटाराची पिशवी ठेवायचे म्हणे.

पुढचा अर्धा तास आजोबांनी पंपाचं पोट समजावलं. आत एक बोटभर लोखंडी ठोकळा, चारही अंगांनी उंचसखल. पाय दाबला की तो फिरतो, रेस वाढली की सरकतो, आणि त्याच्या उंचवट्यावर टेकलेला काटा ठरवतो की पेट्रोल किती. ईचा ठोकळा वेगळा, त्याहून जोरकस 911 एसचा वेगळा. अदलाबदल चालत नाही. मिश्रणाच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा, आधी कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, ठिणगी, थ्रॉटलच्या दांड्यांची लांबी. लोक पहिल्यांदा स्क्रूच फिरवतात आणि मग म्हणतात, पंप बेकार. 1974 ला 911 एसवर बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन आलं, त्यात पेट्रोल ठरवणारी, हवेने उचलली जाणारी एक चकती. स्वस्त, कमी पिणारं, आणि 175 घोडे. त्याच वर्षी युरोपातल्या कॅरेराला जुना पंप ठेवला, 210 घोडे. आजोबांचं मत ऐकायची गरज नव्हती.

बोलता बोलता भावाने माझ्या मामाचा विषय काढला, आणि आजोबा एकदम सरसावले. नाशिकला अजून कुणी हाताने प्लंजर लॅप करतं का, म्हणजे घासून नेमक्या मापाला आणतं का? त्यांच्या पंपाची एक जोडी झिजली होती. मी मामाला फोन लावला. तिकडे वामकुक्षीची वेळ, आवाज वैतागलेला.

"पेट्रोलचा? क्लिअरन्स किती म्हणतोय तो?"

मी भावाला मराठीत, भाऊ आजोबांना जर्मनमध्ये, आणि तसंच उलट. पाचव्या वाक्यानंतर दोघांनी आम्हाला वगळलं आणि नुसते मायक्रॉनचे आकडे ओरडू लागले. मामाने शेवटी सांगितलं, "त्याला म्हणावं, जुनी जोडी पाठव. मी शब्द देत नाही, पण बघतो." कुरिअरचा खर्च कोण करणार, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. जोडी माझ्याच बॅगेतून आली.