तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनच्या फेशियलने खरंच फरक पडतो का?

थ्रेडिंगचा दोरा दातांत धरलेला असताना मला बोलता येत नाही, हे माझ्याकडे येणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक आहे. तरी हा प्रश्न नेमका तेव्हाच येतो. "ताई, ते हायड्रा का काय असतं ते करून घेऊ का हो? एवढे पैसे घेतात, पण खरंच फरक पडतो का?" मी भुवईकडे बघत "हं" म्हणते. त्या "हं"चा प्रत्येकीने आपापल्या सोयीने अर्थ लावला आहे. दोघी-तिघींनी तर त्या "हं"च्या भरवशावर औंधला जाऊन पाच-पाच हजार घालवले आणि वर "तुम्हीच हो म्हणालात" हेही मला ऐकवलं. म्हणून आज दोरा खाली ठेवून सांगते.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकते. कोथरूडला माझं दोन बेडचं पार्लर आहे, तेवीस वर्षं झाली. ब्युटिशियनचा कोर्स केलाय, डॉक्टर नाही. आणि असलं एक मशीन माझ्याकडेही आहे.

ते मी २०१८ साली घेतलं. शिवाजीनगरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये डेमो होता. पन्नासेक पार्लरवाल्या, चहा आणि माणशी दोन बिस्किटं. टाय लावलेल्या एका मुलाने आमच्यातल्याच एकीला बेडवर झोपवलं आणि तिच्या फक्त अर्ध्या चेहऱ्यावर मशीन फिरवलं. जाड पेनासारखा हँडपीस असतो. त्याच्या तोंडातून एकीकडे पाणी सुटतं आणि दुसरीकडे ओढून घेतलं जातं. त्या पाण्यात सॅलिसिलिक, ग्लायकोलिक असलं सौम्य ॲसिड असतं, त्याने मेलेली कातडी सुटते आणि लगेच नळीवाटे जाते. अर्धा चेहरा झाल्यावर त्याने तिच्या हातात आरसा दिला. अर्धा चेहरा चकाकत होता, अर्धा नेहमीचा. हॉलभर "अय्या!" झालं. मग त्याने मशीनच्या मागची बाटली काढून उजेडात धरली. गढूळ, राखाडी पाणी. म्हणाला, "मॅडम, ही बाटली कस्टमरला दाखवायची. बाटली बघितलेली कस्टमर परत येतेच."

खरं बोलला तो. येतेच. त्या बाटलीत असतं काय? सकाळचं सनस्क्रीन, कॉम्पॅक्ट, चेहऱ्याचं तेल, मेलेली कातडी आणि आपणच सोडलेलं सीरम. हेच सगळं मी इतकी वर्षं कापसाने पुसून डब्यात टाकत आले. पण कापसाचा बोळा कुणी कौतुकाने बघत नाही.

मशीन ८० हजारांना पडलं, हप्त्यावर. "सात कामं एका मशीनमध्ये" असं त्याच्यावर लिहिलं होतं. त्यातली दोन मी आज वापरते.

पहिली गिऱ्हाईक अर्थातच नणंद, फुकटातली. तो अर्धा चेहरा माझ्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून मी तिच्या डाव्या बाजूला मशीन केलं आणि उजव्या बाजूला नेहमीचं हाताचं: क्लिन्झिंग, स्क्रब, वाफ, मसाज, पॅक. त्या संध्याकाळी डावी बाजू सरळ सरळ उजवी ठरली. नाकाच्या कडेचे ब्लॅकहेड्स तर मशीनने फारच सुबक काढले होते, आणि उजव्या नाकपुडीशी माझ्या एक्स्ट्रॅक्टरचा लाल वळ होता. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना विचारलं, कुठली बाजू छान दिसते? म्हणाल्या, डावी. पाचव्या दिवशी म्हणाल्या, उजवी. आठव्या दिवशी खुद्द नणंदेलाच विचारलं, तर कुठल्या बाजूला काय केलं होतं हेच तिला आठवेना.

एका चेहऱ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण त्यानंतर जितक्या जणींना केलं, त्यांचंही गणित फार वेगळं निघालं नाही. चार-पाच दिवस, कोरड्या हवेत तीनच.

असं का होतं, ते कातडीच्या जाडीत आहे. चेहऱ्याचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्श्याइतकाही जाड नसतो. फेशियल, मग ते हाताचं असो की मशीनचं, बहुतेक तेवढ्यातच खेळतं. तो थर साफ झाला आणि पाणी प्यायला की एकसारखा होतो, उजेड त्याच्यावरून नीट परततो, आणि आपण म्हणतो ग्लो आला. खोटा नसतो तो. पण खालून नवीन पेशी वर यायचं काम रोज चालूच असतं. तरुणपणी तो सगळा फेरा साधारण २८ दिवसांचा, चाळिशीनंतर आणखी लांबतो. आज घासलेलं पुढच्या आठवड्यात बदललेलं असतं आणि पाणी तर त्याआधीच उडून गेलेलं असतं.

सुरकुत्या, पिंपलचे खड्डे, सैल पडलेली कातडी ही सगळी दुखणी त्याच्या खालच्या थरातली, जिथे कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन असतं. "मग कोलॅजनचं फेशियल करू या ना," हा पुढचा प्रश्न. त्वचेतून आत शिरायला रेणू किती लहान हवा, याचा एक ढोबळ नियम दोन संशोधकांनी २००० साली मांडला: ५०० डाल्टनच्या आत. डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप. कोलॅजनचा रेणू तीन लाखांच्या घरात आहे. म्हणजे गणपतीच्या गर्दीत लक्ष्मी रोडवर ट्रक घालायचा म्हणण्यासारखं आहे. तो मास्क वरच बसतो, कातडी मऊ करतो, आणि धुतला की बेसिनमध्ये जातो. गोल्ड फेशियलमधलं सोनंही तसंच. ते माझ्याच दरपत्रकात आहे, लग्नसराईत मागतात म्हणून.

आता खरोखर आत पोचणाऱ्या गोष्टी आहेत, पण त्या माझ्या हातातल्या नाहीत, आणि नसाव्यातही. मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुयांनी कातडीला मोजून जखमा करतात आणि शरीर त्या भरताना नवीन कोलॅजन बनवतं. पिंपलच्या खड्ड्यांना याचा उपयोग होतो, हे मी माझ्याच गिऱ्हाइकांच्या गालांवर पाहिलंय. पण महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने तीन-चार सिटिंग, आणि खरा फरक दिसायला पुढे काही महिने. खड्डे भरून सपाट होत नाहीत, उथळ होतात. "लंच ब्रेकमध्ये करा, संध्याकाळी पार्टीला जा" अशी जाहिरात असेल तर सुया आत गेल्याच नाहीत असं समजा. आणि सुयांचं पाकीट तुमच्या समोर फोडायला सांगा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये रक्त काढून चेहऱ्यात परत टोचायचं 'व्हॅम्पायर फेशियल' केलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलं.

लेझरचंही तसंच, फक्त धोका वेगळा. हव्या त्या रंगाने उजेड शोषावा आणि आजूबाजूची कातडी वाचावी, ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी १९८३ साली मांडली, आणि आजची डाग काढायची लेझर त्याच कल्पनेवर चालतात. गोऱ्या कातडीवरचा काळा ठिपका त्या उजेडाला लगेच सापडतो. आपल्या कातडीत रंग सगळीकडेच असल्यामुळे नको तिथेही चटका बसतो, आणि आपली कातडी भाजली की काळी पडते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी साखरपुड्याला तीन आठवडे असताना माझ्याकडे आली, दोन्ही गालांच्या हाडांवर चॉकलेटी चट्टे घेऊन. कुठेतरी 'कार्बन लेझर' करून घेतलं होतं. करणारी डॉक्टर होती का, विचारलं. "पांढरा कोट होता," म्हणाली. साखरपुडा कन्सीलरवर निभावला. चट्टे फिके व्हायला पुढे आठ महिने आणि खऱ्या त्वचारोगतज्ज्ञाची औषधं लागली. वांगाला तर लेझर म्हटलं की मी हातच जोडते. जातात आणि कधी कधी दुप्पट गडद होऊन परत येतात. चांगले डॉक्टर तिथे घाई करत नाहीत.

रंगीत दिव्यांचे मास्क हल्ली घरोघरी दिसतात. त्यात तथ्य नाही असं नाही. उजेडाने त्वचेचा क्षय बरा केल्याबद्दल फिन्सेन या डॅनिश डॉक्टरला १९०३ सालीच नोबेल मिळालंय. निळ्या उजेडाने पिंपलचे जंतू मरतात, लालाने सूज थोडी उतरते. पण आठवड्यातून दोन-तीनदा, महिना-दोन महिने नेमाने करायचं काम आहे ते. माझ्या मशीनलाही दिवे आहेत. फेशियलच्या शेवटी दहा मिनिटं लावते, छान वाटतं. त्याचा उपयोग दिवाळीच्या माळेइतका.

एका गोष्टीला मात्र मी कुठलंच मशीन लावत नाही. चेहरा लालबुंद, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसतात, उन्हात गेलं की आग, गालावर बारीक लव. अशी बाई आली की मी फक्त विचारते, "कुठली ट्यूब लावता?" पर्समधून निघतेच. मैत्रिणीने सांगितलेली, मेडिकलवाल्याने दिलेली, गोरं करणारी. तिच्यात स्टेरॉइड असतं. अशा क्रीमना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला सरकारने २०१८ साली मनाई केली, तरी मिळतात. तिला मी परत पाठवते, ससूनच्या त्वचा विभागात जा म्हणते, खिसा बघून खासगीतही. पंचवीसशेचं बिल बुडतं. बुडू दे.

आणि ऊन. ह्यात मला कमिशन नाही, म्हणून कदाचित कुणी ऐकत नाही. ऑस्ट्रेलियात नंबोर नावाच्या गावी ५५ वर्षांखालच्या ९०३ माणसांवर साडेचार वर्षं एक अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. निम्म्यांना सांगितलं, सनस्क्रीन रोज लावा. निम्म्यांना, मनाला येईल तेव्हा लावा. मग तळहाताच्या मागच्या कातडीचे ठसे घेऊन मोजलं. रोज लावणाऱ्यांची कातडी २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. सिलिकॉनचा ठसा कुणाच्या भिडेखातर चांगला येत नाही. इतकं स्वस्त आणि इतकं मोजून दाखवलेलं दुसरं काही माझ्या ट्रॉलीवर नाही.

पुण्यात म्हणतील, आम्ही स्कार्फ बांधतो की! बांधता, आणि मला तो चेहऱ्यावर वाचताही येतो. गेली वीस वर्षं दुचाकीवर हिंडणारी बाई बेडवर झोपली, हेडबँड लावला, की डोळ्यांभोवती आडवी पट्टी दिसते. गाल-हनुवटीपेक्षा एक छटा गडद, आणि बारीक सुरकुत्या नेमक्या त्या पट्टीत. गाडी चालवणारीचं वेगळं: उजवा गाल. काचेतून ऊन भाजत नाही, पण सुरकुत्या आणणारे किरण बाजूच्या काचेतून येतात. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका अमेरिकन म्हाताऱ्याचा फोटो २०१२ साली एका वैद्यकीय मासिकात आला होता. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. तो फोटो मी आरशाशेजारी चिकटवला होता. दोघींनी "काढा हो तो, कसंतरी होतं" म्हटल्यावर काढला.

तर मग करायचं की नाही? मी उलट विचारते, कार्यक्रम कधी आहे आणि तक्रार काय आहे. चार दिवसांवर मुंज, चेहरा थकलेला, नाकावर ब्लॅकहेड्स, तर मशीन करून घ्या, माझ्याकडे घ्या, पैसे फुकट जाणार नाहीत. पण आयुष्यात पहिल्यांदा करत असाल तर चार दिवस आधी नको, दोन-तीन आठवडे आधी एकदा करून बघा. ॲसिड कुणाच्या कातडीला मानवतं, कुणाच्या नाही. डाग, खड्डे, वांग, सुरकुत्या असतील तर ते पैसे साठवा आणि स्किन स्पेशालिस्टला द्या.

गेल्या शनिवारी हिंजवडीला नोकरी करणारी एक आली होती, पस्तिशीची. गालांवर कॉलेजातल्या पिंपलचे खड्डे. एका ठिकाणी सहा हायड्राचं पॅकेज सांगितलं होतं, १५ हजार. तिला आरशासमोर उभं करून टॉर्च बाजूने धरला. बाजूच्या उजेडात खड्डे खरे किती खोल ते दिसतात. म्हटलं, इथवर पाणी पोचतं असं वाटतं का तुला? नाही म्हणाली. डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं. "पण आले आहे तर आज काहीतरी कराच ना, ताई." मग नाकाचे ब्लॅकहेड्स मशीनने काढून दिले, साडेतीनशे घेतले. बाटली दाखवा म्हणाली, दाखवली. खूश झाली. जाताना आरशात बघून स्कार्फ बांधला, नेहमीसारखाच घट्ट, डोळ्यांची पट्टी तेवढी उघडी.