पिकदाणी

इटलीत, कियांतीतल्या त्या वायनरीत टेबलावर सहा ग्लास मांडले होते आणि मधोमध एक उभट, चकचकीत भांडं. मला वाटलं, बर्फासाठी असेल. तेवढ्यात वाइन दाखवणाऱ्या मुलीनं एक घोट तोंडात घेतला, चूळ भरल्यासारखा खुळखुळवला आणि भांड्यात टाकला. एक शिंतोडा बाहेर नाही. "स्पुताक्किएरा," ती भांड्याकडे बोट दाखवून म्हणाली.

अगं बाई, पिकदाणी!

आमच्या आजोबांच्या झोपाळ्याशेजारी पितळेची होती. कमरेत बारीक, वर पसरट. ती रिकामी करायचं काम नातवंडांत पाळीनं फिरायचं आणि माझी पाळी हटकून रविवारी यायची. रविवारी पाहुणे, आणि पाहुणे म्हटले की पानाचं तबक. मान वळवून, श्वास रोखून ती मोरीपर्यंत न्यायची, मग चिंच लावून घासायची. आजोबा मात्र झोका चालू असतानाच पिंक टाकायचे, आणि नेम कधी चुकायचा नाही. त्या नेमाचा आम्हाला अभिमान होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तर गाडी चालवायची म्हणून आमचे हे शहाण्यासारखे प्रत्येक घोट थुंकत होते. हनुवटीवर ओघळ येत होता, पण थुंकत होते. मला जमेना. संकोच नव्हे, आजी आडवी आली. पानात टाकायचं नाही, या एका नियमावर तिनं आख्खं घर चालवलं. ती मुलगी सांगत होती, की बाटलीवर तो काळा कोंबडा, म्हणजे 'कियांती क्लासिको'ची खूण, लागायचा तर ८० टक्के तरी सान्जोवेझे द्राक्षं हवीत, आणि 'रिझेर्वा' म्हणवून घ्यायला वाइनला २४ महिने थांबावं लागतं. दोन वर्षं थांबलेली वस्तू आणि मी चूळ भरून टाकू? कियांतीची हद्द ड्यूक कोसिमो तिसरा यानं १७१६ साली ठरवून दिली, असंही ती म्हणाली. (म्हणजे आपल्याकडे बाळाजी विश्वनाथ पेशवेपदावर. कुठलंही साल ऐकलं की हे केल्याशिवाय मला चैन पडत नाही.) चौथ्या ग्लासापासून मला कोसिमोबद्दल फार आपुलकी वाटायला लागली.

जेवायला रिबोल्लिता आली. शिळा पाव, पांढऱ्या घेवड्यासारखे दाणे, काळपट पानांची कोबी, सगळं पुन्हा उकळलेलं. नावाचा अर्थच तो. पावाला मीठ नाही, तिकडे घालतच नाहीत. आळणी पावाला आजीनं नाक मुरडलं असतं, पण शिळ्याचं असं सोनं केलेलं पाहून दुसऱ्यांदा वाढून घेतलं असतं. ती फोडणीची पोळी करायची, त्यासाठी आम्ही मुद्दाम रात्री पोळ्या उरवायचो. दोन तास जेवलो. कुणी बिल आणलं नाही, आम्हीही मागितलं नाही. बाहेर द्राक्षांच्या ओळींवर ऊन आणि मधूनच एखाद्या कुत्र्याचं भुंकणं, तेही अर्धवट.

शेवटी विन सान्तो. सुकवलेल्या द्राक्षांची, मधाच्या रंगाची. बरोबर बदाम घातलेली कडक बिस्किटं, कान्तुच्ची, ती वाइनमध्ये बुडवून खायची. ही कुणीच थुंकत नव्हतं, ह्यांनीही एक घोट गिळला. त्यामुळे निघायला आणखी तासभर उशीर, आणि मला तेच हवं होतं.

टेबल आवरायला आठदहा वर्षांचा एक मुलगा आला. त्यानं ते भांडं दोन्ही हातांनी उचललं, अंगापासून लांब धरलं, मान वळवली आणि श्वास रोखून आत चालायला लागला. मी त्याच्याकडे बघून ओळखीचं हसले. तो हसला नाही.

रविवार होता.