पश्चिमेला उगवणारे उपग्रह

गेल्या आठवड्यात दिवेलागणीनंतर गच्चीवरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पाहत असताना शेजारच्या चौथीतल्या मुलीने विचारले, “काका, सगळे पूर्वेला उगवतात, मग हे मावळतीकडून कसे आले?” प्रश्न रास्त होता. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे सूर्य आणि तारे आपल्याला उलट सरकताना दिसतात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचे हे स्थानकही पूर्वेकडेच झेपावते. परंतु ते जेमतेम दीड तासात एक फेरी पूर्ण करत असल्याने पृथ्वीच्या परिवलनाला सहज मागे टाकते. चंद्राचीही दिशा तीच आहे, मात्र त्याला एका फेरीला २७ दिवसांहून अधिक काळ लागतो, म्हणून तो बिचारा ताऱ्यांच्याच पंगतीत बसतो.

असा चपळ उपग्रह निसर्गातही आहे. असफ हॉल यांनी ऑगस्ट १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतून शोधलेला फोबोस मंगळाच्या पृष्ठभागापासून केवळ ६,००० किलोमीटरवरून ७ तास ३९ मिनिटांत एक प्रदक्षिणा घालतो, तर मंगळाला स्वतःभोवती फिरायला २४ तास ३७ मिनिटे लागतात. साहजिकच मंगळावर उभे राहिल्यास फोबोस पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल, आणि तेही बहुधा दिवसातून दोनदा.

या घाईची किंमत मात्र दोघांनाही मोजावी लागते, जरी कारणे अगदी वेगळी असली तरी. स्थानकाला विरळ हवेचे घर्षण खाली ओढते, म्हणून अधूनमधून इंजिने चालवून त्याची कक्षा उंचवावी लागते. स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळ प्रयोगशाळेच्या बाबतीत ते जमले नाही. वाढलेल्या सौर सक्रियतेमुळे वरचे वातावरण फुगले, घर्षण वाढले आणि जुलै १९७९ मध्ये ती प्रयोगशाळा कोसळली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, पण त्या दिवसांत आमच्या घरातली मोठी माणसे मात्र ती आमच्याच कौलांवर येणार अशा धास्तीने रेडिओला कान लावून बसली होती.

फोबोसला हवा अडवत नाही. त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे मंगळाच्या खडकाळ अंगावर अत्यल्प फुगवटा येतो, आणि फोबोस पुढे निघून जात असल्याने मागे राहिलेला तो फुगवटा त्याला सतत मागे खेचतो. त्यामुळे तो दर शतकाला सुमारे १.८ मीटर खाली उतरत आहे. आपल्याकडे नेमके उलट घडते: पृथ्वी चंद्रापेक्षा वेगाने फिरत असल्याने भरतीचा फुगवटा चंद्राच्या पुढे जातो, त्याला पुढे ओढतो, आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. अपोलोच्या अंतराळवीरांनी तेथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर किरण टाकून हे अंतर आजही मोजले जाते. फोबोस मात्र काही कोटी वर्षांत एकतर मंगळावर आदळेल किंवा त्याआधीच फुटून मंगळाभोवती त्याचे कडे होईल. मला दुसरी शक्यता अधिक पटते, कारण तो आतून फारसा घट्ट असल्याचे दिसत नाही.

यातले निम्मेही त्या मुलीला सांगून झाले नव्हते, तोच स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरले आणि आकाशाच्या मध्यावरच दिसेनासे झाले.